बेगडाचा उजेड

4 मार्च 1943 ची रात्र. लॉस एंजेलिसमधल्या अँबॅसेडर हॉटेलात, कोकोनट ग्रोव्ह नावाच्या दालनात ग्रीअर गार्सन ऑस्कर घ्यायला उभी राहिली. ‘मिसेस मिनिव्हर’मधली तिची इंग्रज गृहिणी बॉम्बच्या वर्षावातही घराचं घरपण सांभाळणारी, अमेरिकेनं तिला अगदी माहेरच्या माणसासारखं आपलं केलं होतं. आभार मानता मानता बाईंची गाडी अशी काही सुटली की साडेपाच मिनिटं थांबेचना. पुढे हॉलिवूडच्या गप्पांमध्ये त्या साडेपाच मिनिटांचा चांगला तासभर झाला. भाषण लोकांच्या लक्षात राहिलं. हातातली बाहुली मात्र कुणाला फारशी आठवत नाही. दिसायला ती सोन्याची होती, पण आत होतं निव्वळ प्लास्टर. युद्धानं धातू ओढून नेला होता, म्हणून अकादमीनं तीन वर्षं रंग दिलेल्या प्लास्टरवर भागवलं.

मराठीत ‘बेगडी’ म्हटलं की नाक मुरडायचं, अशी रीत आहे. पण गणपतीच्या मखराला बेगड चिकटवणाऱ्या हातांना कुणी लबाड म्हणत नाही. समईची ज्योत हलली की तो कागद लखलखतो, आणि आरतीला उभ्या असलेल्या माणसाला त्यात सोनंच दिसतं. ते सोनं नाही हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. 1942 ते 45 या काळातलं हॉलिवूड हे असंच एक अवाढव्य मखर होतं. फरक इतकाच की बाहेर जग जळत होतं.

टंचाई तर पावलोपावली. सेट उभारायला एका चित्रपटामागे फक्त पाच हजार डॉलरचं नवं सामान वापरायचं, असा सरकारी हुकूम 1942 मध्ये निघाला. मग जुने सेट पुन्हा रंगू लागले, वाकडे खिळे ठोकून सरळ होऊ लागले. जिथे भिंत बांधायला लाकूड नव्हतं तिथे अंधार सोडून दिला. त्या काळातल्या गुन्हेपटांत एवढ्या सावल्या का, याचं उत्तर देताना समीक्षक जर्मन चित्रशैलीपर्यंत जातात, आणि ते खरंही आहे. पण त्या सावल्यांमागे थोडी सुताराची अडचणही होती. त्यातच जून 1942 मध्ये युद्धमाहिती खात्यानं चित्रपटांसाठी वेगळा विभाग काढला. त्यानं निर्मात्यांपुढे ठेवलेला पहिला प्रश्न अगदी रोखठोक होता: हा चित्रपट युद्ध जिंकायला मदत करील का?

बर्बँकमध्ये तर खऱ्याखोट्याची अदलाबदलच झाली होती. तिथे लॉकहीडचा लढाऊ विमानांचा कारखाना होता. जपानी वैमानिकांना तो वरून दिसू नये म्हणून सबंध कारखान्यावर जाळी पसरली, जाळीवर कोंबड्यांची पिसं चिकटवून झाडांचा पाला केला, खोटी घरं आणि खोटे रस्ते उभे केले. या कामाला स्टुडिओतले सेटवाले धावले होते. वरून पाहणाऱ्याला खाली झोपलेलं खेडं दिसावं आणि त्या खेड्याच्या पोटात खरी विमानं जुळत असावीत! आणि त्याच बर्बँकमध्ये, वॉर्नर ब्रदर्सच्या बंदिस्त स्टेजवर, एका खोट्या विमानाची तयारी चालली होती.

‘कॅसाब्लांका’चं ते विमान. शेवटच्या प्रसंगात धुक्यात उभं असतं ते. धुकं यंत्रानं सोडलेलं, विमान छोट्या आकाराचं, तकलादू. ते मोठं वाटावं म्हणून त्याच्याभोवती वावरणारे कामगार बुटक्या माणसांमधून निवडले होते. हम्फ्री बोगार्टपेक्षा इन्ग्रिड बर्गमन उंच भरायची, म्हणून त्याच्या बुटांना जाड तळ लावले. पियानोवर बसून जगाला वेड लावणाऱ्या डूली विल्सनला पियानो वाजवताच येत नव्हता. तो मुळात ड्रम वाजवणारा. सूर निघत होते दुसऱ्याच्या बोटांतून. ज्या रस्त्यावर मोरोक्कोचा बाजार भरतो तो ‘द डेझर्ट साँग’ या दुसऱ्याच चित्रपटासाठी उभारलेला. पटकथासुद्धा चित्रीकरण चालू असताना पानापानानं येत होती. एवढा सगळा बेगड एका चित्रपटात क्वचितच जमला असेल.

आणि तरीही कथानायक रिकचा तो कॅफे खोटा वाटत नाही. याचं कारण तिथे बसलेली माणसं.

पडद्यावर नाव झळकलेल्या कलाकारांपैकी अमेरिकेत जन्मलेले फक्त तिघे: बोगार्ट, विल्सन आणि जॉय पेज. बाकीचे बहुतेक जण युरोपातून आलेले. कुणी हिटलरच्या भीतीनं, कुणी हिटलरच्या तिरस्कारानं. दिग्दर्शक मायकेल कर्टिझ मूळचा हंगेरियन. जुगाराच्या टेबलावरचा माणूस झालेला मार्सेल दालियो पॅरिसचा मोठा नट, दिग्दर्शक रेन्वारच्या चित्रपटांतला. तो ज्यू. नाझींनी त्याचा चेहरा भित्तिपत्रकांवर ‘ज्यू असा दिसतो’ म्हणून छापला होता. 1940 च्या जूनमध्ये जर्मन फौजा पॅरिसच्या उंबरठ्याशी आल्यावर तो आणि त्याची तरुण पत्नी मादलेन लबो निसटले. लिस्बन, मग खोट्या निघालेल्या चिलीच्या व्हिसावर मेक्सिको, मग कॅनडा. म्हणजे रिकच्या कॅफेत बाहेर निसटायच्या परवान्यासाठी ताटकळणारी जी माणसं आपण पाहतो, त्यांपैकी काहींनी ती रांग खरोखरीच लावली होती. गोलमटोल गालांचा एस. झेड. सकाल तिथे हसवत फिरतो; त्याच्या तीन बहिणी पुढे छळछावण्यांत गेल्या.

सर्वांत नवल वाटतं ते कॉनराड फाइटचं. नाझी मेजर स्ट्रासर रंगवणारा हा जर्मन नट नाझींचा कट्टर वैरी होता. पत्नी ज्यू, म्हणून 1933 मध्ये देश सोडताना सरकारी अर्जावर स्वतःच्या नावापुढेही त्यानं ‘ज्यू’ लिहून दिलं. तो स्वतः ज्यू नसताना. ज्या गणवेशापासून तो पळाला तोच गणवेश त्याला रोज सकाळी रंगपटात चढवावा लागे. 1943 च्या एप्रिलमध्ये गोल्फ खेळताना हृदयविकारानं तो गेला. नाझींचा पराभव पाहायला दोन वर्षं कमी पडली.

आता तो गाण्याचा प्रसंग पाहावा. जर्मन अधिकारी पियानोभोवती गात असतात. नाझींविरुद्ध लढणारा व्हिक्टर लॅझ्लो वादकांना ‘ला मार्सेयेज’ हे फ्रान्सचं राष्ट्रगीत वाजवायला सांगतो आणि सगळा कॅफे उठून उभा राहतो. कॅमेरा मादलेन लबोच्या चेहऱ्यावर येतो. डोळे भरलेले, आवाज फुटलेला. ती तेव्हा एकोणीस वर्षांची. फ्रान्स जर्मनांच्या टाचेखाली आणि दालियोशी चाललेला संसारही त्याच उन्हाळ्यात मोडायला आलेला. त्यानं घटस्फोटाचा अर्ज चित्रीकरणाच्या काळातच केला. त्या दिवशी सेटवर जमलेल्या कितीतरी जणांचे डोळे ओले झाले होते, हे तिथे असलेल्यांनी पुढे सांगितलं. ग्लिसरिनच्या बाटलीची गरज पडू नये असा तो दिवस. प्लायवुडच्या भिंतींमध्ये त्या एका गाण्यापुरतं काहीच खोटं उरलं नव्हतं. लबो 2016 मध्ये वारली तेव्हा पडद्यावर नाव असलेल्या कलाकारांपैकी ती शेवटची होती.

नशीबही या चित्रपटाच्या प्रचारखात्यात नोकरीला असावं. 1942 च्या नोव्हेंबरमध्ये दोस्त फौजा उत्तर आफ्रिकेत उतरल्या आणि कॅसाब्लांका हे नाव वर्तमानपत्रांच्या मथळ्यात आलं. स्टुडिओनं घाईघाईनं 26 नोव्हेंबरला न्यूयॉर्कमध्ये पहिला खेळ लावला. जानेवारीत तो सर्वत्र लागला, तर नेमके तेव्हाच रूझवेल्ट आणि चर्चिल त्या शहरात वाटाघाटींना बसलेले!

सगळ्यांच्याच बाबतीत नशीब इतकं मेहेरबान नव्हतं. कॅरल लोम्बार्ड ही त्या काळातली सर्वांत खट्याळ नायिका. 15 जानेवारी 1942 ला इंडियानापोलिसमध्ये तिनं एका दिवसात वीस लाख डॉलरहून अधिक किमतीचे युद्धरोखे विकले. घरी लवकर पोहोचायचं म्हणून आगगाडी सोडून विमान धरलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लास वेगासजवळच्या डोंगराला विमान धडकलं. जपानी बॉम्बफेक्यांच्या धास्तीनं रात्री वैमानिकांना वाट दाखवणारे त्या भागातले दिवे मालवलेले होते. सोबत तिची आई होती आणि सैन्याचे पंधरा तरुण वैमानिक. लोम्बार्ड तेहेतीस वर्षांची होती. तिचा शेवटचा चित्रपट ‘टू बी ऑर नॉट टू बी’ काही आठवड्यांनी लागला. वॉर्सामधली नाटकमंडळी नाझींचं सोंग घेऊन नाझींनाच कशी चकवतात, याची ती कथा. त्यात विमानात काय होणार आहे, अशा अर्थाचं तिचं एक वाक्य होतं. ते कापून टाकण्यात आलं. पती क्लार्क गेबल त्याच ऑगस्टमध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी सैन्यात भरती झाला आणि इंग्लंडहून उडणाऱ्या बॉम्बफेकी विमानांतून मोहिमांवर गेला. पडद्यावरच्या त्या मिश्कील हसण्यामागे आता काय आहे, हे प्रेक्षकांना न सांगता कळायचं.

बाकी नट्यांनाही सरकारनं कामाला लावलंच होतं. व्हेरोनिका लेकची एका डोळ्यावर ओघळणारी सोनेरी बट देशभरच्या मुलींनी उचलली. पण त्या मुली आता कारखान्यात यंत्रांपुढे उभ्या होत्या आणि केस यंत्रात अडकायची भीती. तेव्हा लेकनं सरकारच्या सांगण्यावरून केस बांधून दाखवले. केशरचनेनं केलेली ही देशसेवा! व्हिएन्नाची हेडी लमार मात्र वेगळीच. तिनं संगीतकार जॉर्ज अँथील याच्या जोडीनं पाणतीरांना रेडिओनं गुप्त दिशा देण्याची युक्ती काढली: रेडिओलहरी क्षणाक्षणाला जागा बदलतील, आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या छिद्रपट्टीसारख्या, पियानोला असतात तशा अठ्ठ्याऐंशी जागांवर. 11 ऑगस्ट 1942 ला त्यांना पेटंट मिळालं. नौदलानं ते बाजूला ठेवलं आणि बाईंना रोखे विकायला पाठवलं. आज बिनतारी संदेशवहनाच्या इतिहासात तिचं नाव आदरानं घेतात. तेव्हा तिच्या डोक्यापेक्षा चेहरा जास्त उपयोगाचा वाटला होता.

चेहऱ्यांचा सर्वांत मोठा बाजार भरायचा तो हॉलिवूड कँटीनमध्ये. बेटी डेव्हिस आणि जॉन गारफिल्ड यांनी 3 ऑक्टोबर 1942 ला काहुएंगा बुलेव्हारवरच्या एका जुन्या जागेत ते उघडलं. गणवेश हेच तिकीट. आत जेवण फुकट, बँड फुकट, आणि वाढायला, नाचायला, भांडी घासायला साक्षात तारे-तारका. मार्लेन डिट्रिच हात साबणात बुडवून उभी असे. गोऱ्या-काळ्या सैनिकांना एकाच छपराखाली नाचू द्यायचं, हा आग्रह डेव्हिसनं सोडला नाही. त्या काळातल्या अमेरिकेत ही काही लहान गोष्ट नव्हती.

याच कँटीनमध्ये 1943 च्या एका संध्याकाळी नटी जीन टिअर्नी आली. गरोदरपणाचे पहिले दिवस. सैनिकांशी हात मिळवले, हसली, सह्या दिल्या. काही दिवसांनी अंगावर पुरळ उठलं: जर्मन गोवर, पोटातल्या बाळाला बाधणारा. ऑक्टोबरमध्ये वेळेआधीच मुलगी जन्मली; तिला ऐकू येत नव्हतं, नीट दिसत नव्हतं, मनाची वाढही व्हायची नव्हती. पुढे एका टेनिसच्या मेळाव्यात एक अनोळखी बाई टिअर्नीजवळ आली. आपण मरीन दलात होतो, तळावर गोवराची साथ होती, सगळ्यांना बाहेर जायची बंदी होती, पण तुम्हाला पाहायचंच म्हणून आपण बंदी मोडून कँटीनमध्ये आलो, असं तिनं मोठ्या आनंदानं सांगितलं. तिची सर्वांत लाडकी नटी टिअर्नीच होती. टिअर्नी काही बोलली नाही, वळून निघून गेली. हे तिनंच आपल्या आत्मचरित्रात लिहिलं आहे. पुढे अगाथा ख्रिस्तीच्या एका रहस्यकथेत याच घटनेची सावली वाचकांना दिसली.

मुलगी वर्षाची झाली तेव्हा ‘लॉरा’ लागला. त्यात एका मृत मानलेल्या स्त्रीच्या तैलचित्राच्या प्रेमात पोलीस अधिकारी पडतो. भिंतीवरचं ते तैलचित्रही खरं नव्हे: टिअर्नीचं छायाचित्र मोठं करून त्यावर रंगाचे फटकारे मारलेले. छायाचित्र काढणारा फ्रँक पोवोल्नी. त्यानंच बेटी ग्रेबलचं ते पाठमोरं, खांद्यावरून मागे पाहणारं, पोहण्याच्या पोशाखातलं छायाचित्र काढलं होतं, जे सैनिकांच्या पेट्यांच्या झाकणांत आतून चिकटवलेलं असे. एकाच माणसाच्या कॅमेऱ्यानं लाखो सैनिकांना उबदार स्वप्न दिलं आणि एका आईला वेडं करणाऱ्या वर्षात तिचा चेहरा थंड, निष्कलंक, अमर करून ठेवला. ‘लॉरा’ पाहताना तो चेहरा इतका शांत कसा, असा विचार मनात येतो आणि मग पुढचा प्रसंग नीट दिसत नाही.

या मखरात मुंबईचाही एक चेहरा होता. तो मुंबईचा आहे हे मात्र लपवलेलं. मर्ल ओबेरॉन 1911 मध्ये मुंबईत जन्मली, कलकत्त्यात वाढली. अँग्लो-इंडियन असणं हॉलिवूडला परवडणारं नव्हतं, म्हणून जन्मगाव टास्मानिया ठरवलं गेलं. जी सावळी बाई तिला वाढवत आली, ती पाहुण्यांपुढे मोलकरीण म्हणून वावरली. 1937 मध्ये लंडनला मोटारीच्या अपघातात मर्लच्या चेहऱ्यावर व्रण राहिले. 1944 च्या ‘द लॉजर’च्या वेळी छायालेखक ल्यूसिअन बॅलर्डनं ते पुसायला एक दिवा तयार केला. कॅमेऱ्याच्या भिंगाला अगदी लागून बसवायचा; त्याचा मऊ उजेड सरळ चेहऱ्यावर पडतो, व्रण आणि सुरकुत्या विरघळतात, कातडीही एक छटा उजळ दिसते. पुढच्या वर्षी बॅलर्ड आणि मर्लचं लग्न झालं. ते चार वर्षं टिकलं.

1978 मध्ये टास्मानियातल्या होबार्ट शहरानं आपली लेक म्हणून तिचा समारंभपूर्वक सत्कार केला. पुढच्याच वर्षी ती वारली. मुंबईचा जन्म लोकांना कळला तो त्यानंतर. भिंगाशेजारचा तो दिवा मात्र कॅमेऱ्यांवर लागत राहिला. छायालेखक त्याला तिच्याच नावानं, ‘ओबी’ म्हणून ओळखतात.