कच्चं काम

शुक्रवारी संध्याकाळी मुलाला शाळेच्या मागच्या दाराशी सोडते, डिकीतून ट्रॉम्बोनची पेटी काढून देते आणि स्टेडियमच्या पायऱ्या चढते. डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरांतल्या पुष्कळ मराठी घरांत अमेरिकन फुटबॉल शिरला तो असा, मार्चिंग बँडच्या वाटेनं. पोरगं मध्यंतरात आठ-दहा मिनिटं वाजवणार, पण त्यासाठी आईनं तीन तास सामना बघायचा. पहिल्या वर्षी मला काही उमगत नव्हतं. मग हळूहळू कळलं की चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं असतं, आणि जवळजवळ प्रत्येक प्रयत्न एकाच पोराच्या हातातून सुरू होतो. तो क्वार्टरबॅक. चेंडू हातात आला की समोरून शंभर-शंभर किलोची पोरं अंगावर धावून येतात. दोन-तीन सेकंदांत कुणाकडे फेकायचं ते ठरवायचं, नाहीतर जमिनीवर आपटून घ्यायचं.

या भागात फुटबॉलचा विषय निघाला की टॉड डॉजचं नाव येतंच. मीही ते असंच पायऱ्यांवर बसून ऐकलं, आणि मग त्या माणसाबद्दल मिळेल ते वाचत गेले.

डॉज पोर्ट आर्थरचा. टेक्सासच्या आग्नेय टोकाला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या धुरकट आभाळाखालचं हे गाव. तिथल्या थॉमस जेफरसन शाळेत तो शिकला. टेक्सासात तेव्हा चेंडू पोटाशी धरून पळण्यावर भिस्त असे, फेकाफेकी जरा उथळच मानली जाई. अशा काळात, 1980 च्या हंगामात, डॉजनं तीन हजार यार्डांहून अधिक पास फेकले. टेक्सासच्या शालेय फुटबॉलमध्ये एका हंगामात असं करणारा तो पहिलाच. अंतिम सामना मात्र ओडेसाच्या पर्मियन शाळेनं 28–19 असा जिंकला.

पुढं तो ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात गेला. तिथल्या दिवसांतला एक प्रसंग मला विसरता येत नाही. ऑक्टोबर 1984, डॅलसचं कॉटन बोल मैदान, पाऊस, समोर ओक्लाहोमा. टेक्सासचा संघ देशात पहिल्या क्रमांकावर आणि तीन गुणांनी मागं. शेवटच्या क्षणांत डॉजनं गोलपट्टीत फेकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्यानं झेलला. तिथंच सगळं संपायचं, पण पंचांनी तो झेल रेषेबाहेरचा ठरवला. पुढच्याच किकवर टेक्सासला तीन गुण मिळाले आणि सामना 15–15 असा बरोबरीत सुटला. ओक्लाहोमाची माणसं त्या निर्णयावर अजून चिडतात. मला तिथं उभ्या असलेल्या तरुण डॉजचा विचार येतो. चेंडू हातातून सुटला की तो आपला राहत नाही, हे त्याला त्या चिखलात किती लख्ख समजलं असेल.

व्यावसायिक फुटबॉलमध्ये त्याचं नाव झालं नाही. तो शाळांकडे वळला. इथल्या सरकारी शाळेत मुख्य प्रशिक्षक म्हणजे शाळेचा पूर्णवेळ कर्मचारी. बाहेरून येऊन शिटी वाजवून जाणारा नव्हे. पोरं जेवणाच्या सुट्टीत त्याच्या खोलीत डोकावतात, मार्क कमी पडले की मैदानाच्या आधी त्याला गाठतात. 2000 साली डॉज साउथलेक कॅरल शाळेत आला. खेळाडू मैदानाच्या रुंदीभर पसरवायचे, दोन डावांमध्ये घोळका करून मसलत करायची नाही, कडेवरून खुणा करायच्या आणि समोरच्याला श्वास घ्यायला वेळ द्यायचा नाही, अशी त्याची रीत. 2002 ते 2006 या पाच हंगामांत संघानं 79 सामने जिंकले, एक हरला. तोही एका गुणानं, 2003 च्या अंतिम सामन्यात, केटी शाळेकडून, 16–15. चार राज्यविजेतेपदं झाली. चेस डॅनियल आणि ग्रेग मॅकेलरॉय हे नंतर गाजलेले क्वार्टरबॅक याच मैदानावर घडले.

एवढं झाल्यावर विद्यापीठांना तो हवासा वाटला नसता तरच नवल. 2007 मध्ये तो डेंटनच्या नॉर्थ टेक्सास विद्यापीठाचा मुख्य प्रशिक्षक झाला. पहिलाच सामना ओक्लाहोमाशी. निकाल 79–10. मुलगा रायली टेक्सास विद्यापीठाला दिलेला शब्द मागं घेऊन वडिलांकडे खेळायला आला, तरी गाडा रुळावर येईना. चार हंगामांत सहा विजय, सदतीस पराभव, आणि 2010 चा हंगाम निम्म्यावर असतानाच त्याला काढून टाकण्यात आलं. मग वर्षभर पिट्सबर्गमध्ये क्वार्टरबॅकना शिकवलं, आणि 2012 मध्ये तो मार्बल फॉल्सला गेला. ऑस्टिनच्या वायव्येला, कोलोरॅडो नदीकाठचं छोटं गाव. तिथली शाळा.

इथं येऊन मी थांबले. कारण कॉलेज सोडून शाळेत जाणं मी आमच्या घरातही पाहिलेलं आहे.

बाबा मिरजेत कॉलेजात गणित शिकवत. मी सातवीत असताना त्यांनी ते सोडलं आणि एका शाळेत आठवी-नववीला शिकवू लागले. महिनाभर घरी येणारा प्रत्येक पाहुणा आईला स्वयंपाकघरात गाठून हलक्या आवाजात विचारायचा, "काय झालं हो?" जणू घरात कुणी आजारी होतं. आत्या तर सरळ म्हणाली, "दादा, वर चढलेला माणूस खाली कसा येतो?" बाबा म्हणाले, "कॉलेजात पोरं येतात तोवर त्यांची भीती पक्की झालेली असते. ती जिथं धरते तिथं जायचंय मला." आत्याला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पटलं नव्हतं. वर्गातल्या मुलींना बाबा काय करतात हे सांगताना मी आणखी दोन वर्षं "प्राध्यापक" म्हणत होते. ती लाज अजून माझ्या मनात आहे.

बाबांची तपासण्याची एक पद्धत होती. उत्तर चुकलं की ते लाल रेघ मारत नसत. वहीच्या उजव्या समासातलं कच्चं काम बघत. आकडेमोड कुठं घसरली, हातचा कुठं विसरला, तिथं पेन्सिलीनं बारीक ठिपका देत. ठिपका सापडला की पोरगं आपलं आपणच उत्तर काढी.

सरावाच्या वेळी मैदानाच्या कडेला उभी राहिले की मला तो ठिपका आठवतो. आम्ही सगळे आईबाप हवेतल्या चेंडूकडे बघत असतो. क्वार्टरबॅकला शिकवणारा माणूस मात्र त्या पोराच्या पायांकडे बघतो. मागचा पाय रुतला का, पुढचं पाऊल निशाणाकडे पडलं का, कंबर खांद्याच्या आधी वळली का. चेंडू कुठं पडला ते तो कित्येकदा बघतही नाही.

2014 मध्ये डॉज ऑस्टिनच्या वेस्टलेक शाळेत आला. तिथलं मैदान एबी नेपच्यून यांच्या नावाचं; ते तिथले जुने प्रशिक्षक आणि डॉजचे सासरे. 2019 पासून लागोपाठ तीन विजेतेपदं मिळाली. मधल्या विजेतेपदाचा सामना करोनामुळे लांबून 16 जानेवारी 2021 ला आर्लिंग्टनमध्ये, डॅलस काउबॉइजच्या स्टेडियममध्ये झाला. समोर साउथलेक कॅरल, आणि त्यांचा मुख्य प्रशिक्षक रायली डॉज. 2006 मध्ये याच शाळेचा क्वार्टरबॅक म्हणून त्यानं वडिलांना विजेतेपद मिळवून दिलं होतं. आता तो त्यांच्याच जुन्या खुर्चीवर होता. वडिलांच्या संघाचे गुण 52, मुलाच्या संघाचे 34. दोघांनी आयुष्याची उमेदीची वर्षं चेंडू हातात धरून काढलेली, आणि त्या दिवशी दोघांच्या हातात नुसते कागद.

2021 च्या हंगामानंतर डॉज निवृत्त झाला. 2024 मध्ये परत आला, लव्हजॉय नावाच्या शाळेत.

गेल्या रविवारी बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं. आता त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे 79 आणि 37 हे आकडे मला दोनदा ओरडून सांगावे लागले. आकड्यांवर ते काही बोलले नाहीत.

"पोरं केवढी असतात गं?"

"पंधरा ते अठरा."

"आणि तो काय बघतो त्यांचं?"

"पाय, बाबा. आधी पाय बघतात."

पलीकडे क्षणभर नुसता पंख्याचा आवाज येत राहिला.

"म्हणजे कच्चं काम," ते म्हणाले, आणि आईला हाक मारून फोन तिच्याकडे दिला.