पादबोर्गचा नाका

कॅम्पर व्हॅन म्हणजे मोटारीच्या पोटातलं घर. सहा मीटर लांब, दोन मीटर रुंद. आत पलंग, शेगडी, मोरी, संडास. माझी खोली दहा बाय बारा, तीत आम्ही पाच जण पाळीपाळीनं झोपतो. म्हणजे माप जवळपास तेच. फरक एवढाच, आमच्या खोलीला चाकं नाहीत आणि संडास आत नाही.

तिसऱ्या पाळीच्या सुट्टीत मोबाइलवर मी असल्या एका जोडप्याचा प्रवास बघत होतो. पंधरा-वीस दिवस, रोज थोडा थोडा. भर हिवाळ्यात हँबर्गहून निघून डेन्मार्क, स्वीडन ओलांडून वर नॉर्वेत, ट्रोम्सोपर्यंत. तिथं नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. रिंग खात्यातनं घामानं आणि कापसाच्या भुग्यानं चिकटलेलं अंग घेऊन बाहेर यायचं आणि बर्फ बघायचा. खोटं कशाला बोलू, मजा यायची. त्यांची अक्कलही आवडली. ब्युटेन गॅस शून्याखाली टाकीतनं वरच येत नाही, म्हणून प्रोपेन भरायचा. तो उणे चाळीसपर्यंत साथ देतो. पाण्याची टाकी उबेत ठेवायची, नाहीतर गोठून फुटते. स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात रस्त्यावर बर्फ असेल तर हिवाळी टायर कायद्यानं सक्तीचे. ती बाई रात्री दोनदा उठून हीटर बघायची, आपला जॉबर साचा बघतो तसा.

जर्मनी सोडून डेन्मार्कात शिरताना पादबोर्ग गावाजवळ हद्द लागते. त्यांची ती दोन मिनिटांत संपली. पोलिसानं आत डोकावलं, हसला, हात केला, गाडी पुढं. मी मात्र तिथंच अडकलो. हे नाव मी आधी वाचलं होतं.

जानेवारी १९३४. याच हद्दीवर ६८ रोमा माणसं अडवली होती. बायका होत्या, लेकरं होती. त्यांच्याकडं नॉर्वेचे पासपोर्ट होते. आपल्या देशात परत चालली होती. नॉर्वे म्हणालं, येऊ नका. १९२७ साली नॉर्वेनं परकीयांच्या कायद्यात कलम घातलं होतं, की जिप्सी आणि तसल्या भटक्यांना नॉर्वेचं नागरिकत्व सिद्ध करता आलं नाही तर आत घ्यायचं नाही. आता पासपोर्ट हातात असताना आणखी काय सिद्ध करायचं, ते ज्याचं त्यानं समजून घ्यावं. (१९२७. दोस्तांनो, त्याच साली महाडला आपण तळ्याच्या पाण्याला हात लावत होतो.) डेन्मार्कनंही वाट दिली नाही. त्यांना जर्मनीत मागं ढकललं, तिथनं बेल्जियमकडं. पुढं महायुद्धात बेल्जियममधनं साठाहून जास्त नॉर्वेजियन रोमा आउश्वित्झला नेले. जिवंत राहिले ते एका हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. ते कलम १९५६ साली गेलं. सरकारनं माफी मागितली २०१५ साली.

आणि १९५७ साली त्याच नॉर्वेनं दुसरा कायदा केला. मोकळ्या रानात कुणीही हिंडावं, घरापासून १५० मीटर लांब तंबू ठोकावा, मालकाला विचारायचं कारण नाही. कायदा झकास आहे. मी त्याला नावं ठेवत नाही. गायरानात पाल टाकून बसलेल्याला विचारा असल्या कायद्याची किंमत. पण ज्यांचं आयुष्यच हिंडण्यात गेलं त्यांना दार बंद करणारं कलम काढून जेमतेम वर्ष झालं होतं, हेही लिहून ठेवायला पाहिजे. जोडप्याच्या व्हिडिओत ते येणार नाही.

मी सोलापुरात राहतो. आमच्या शहरात सेटलमेंट नावाची वस्ती आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढं त्या जमातींना इथं तारेच्या कुंपणात कोंडलं आणि गिरण्यांना मजूर पुरवले. सूत काढायचं आणि हजेरीला परत यायचं. कायदा १९५२ साली रद्द झाला. वस्तीचं नाव राहिलं. माझ्या पाळीत तिथला एक जण आहे. रात्री पाळी सुटल्यावर पोलिसानं हटकून पत्ता विचारला की तो सेटलमेंट म्हणत नाही, पुढच्या चौकाचं नाव सांगतो.

त्याला मी पादबोर्गचं सगळं सांगितलं. तो गप्प राहिला. मग म्हणाला, "काय बे, ही माणसं मूळची कुठली?"

मी म्हटलं, आपल्याकडचीच. हजारेक वर्षांपूर्वी हिंदुस्थानातनं निघाली. पाण्याला पानी म्हणतात, कानाला कान, नाकाला नाख, माणसाला मनुष. रस्त्याला मात्र ड्रोम. तो शब्द ग्रीकांचा, पुढच्या मुक्कामात मिळालेला.

"आकडे?"

मला पाठ होते. येक, दुई, त्रिन, श्तार, पांज, शोव.

तेव्हापासून डॉफिंगला बॉबिन काढताना तो तसंच मोजतो. सातला अडखळतो, कारण सात, आठ, नऊ पुन्हा ग्रीकांचे. एफ्ता, ओख्तो, एन्या. दहाला मात्र परत आपलाच शब्द. दहाला ते देश म्हणतात. हे सांगितलं तेव्हा तो इतका हसला की साच्याच्या आवाजातसुद्धा जॉबरनं वळून बघितलं.