आधी खांदा, मग जीभ

कुत्र्याला उडी मारायला शिकवावे लागते, हे ऐकून मला प्रथम हसूच आले. शेजारच्या कुंपणावरून जायला त्याला कोणी शिकवलेले असते? पण इंग्लंडात मुलीकडे राहिलो तेव्हा तिच्या मोतीची (नाव देशी, जात बॉर्डर कॉली) तालीम मी रोज परसात पाहत बसे. तेव्हा ध्यानात आले की उडी कुत्र्याला येतेच. शिकायचे असते ते त्याच्याबरोबर धावणाऱ्या माणसाने.

हा खेळ तसा अलीकडचा. १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात, दोन कार्यक्रमांमधला मोकळा वेळ भरून काढावा म्हणून, घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धेवरून तो बेतला गेला. पण घोडेस्वाराच्या हाती लगाम असतो. येथे दोरी नाही, खाऊ नाही, कुत्र्याला शिवायचेही नाही. आडवी दांडी पडली की पाच गुणांचा दंड. बोलण्याला तेवढी बंदी नाही. आणि गंमत अशी, की नुसत्या बोलण्याने काम भागतच नाही.

मुलगी दोन खांबांत दांडी लावी, तीही जवळजवळ जमिनीलगत. वळणे शिकवायची तर उंची कशाला? वाढत्या हाडांना ती सोसतही नाही. दीड वर्षाचे होईपर्यंत तिकडे कुत्र्याला स्पर्धेत उतरवताच येत नाही. आधी एका खांबाला वळसा, मग दोन्ही खांबांभोवती इंग्रजी आठाचा आकडा. पुढे बाजू बदलणे. डाव्या हाताचा मोती दांडीकडे निघाला की तिने पुढे धावायचे, त्याच्याकडे तोंड करून गर्रकन वळायचे आणि उडीनंतर त्याला उजव्या हाताला घ्यायचे. तो पुढे निघून गेला असेल, तर त्याच्या मागून तिरपे जायचे. हे अधिक कठीण; मालकीण पाठीमागे कुठे गेली, या शंकेने कुत्रे दांडीपाशीच घुटमळते.

एके दिवशी तिने मला मुद्दाम करून दाखवले. तोंडाने ‘डावीकडे’ म्हणाली आणि खांदे व पाय उजवीकडे वळवले. मोती उजवीकडे गेला. पुन्हा केले, पुन्हा उजवीकडे.

पण खांदाही वेळेवर वळायला हवा. मोतीचे पाय जमिनीवर आहेत तोवर खूण मिळाली पाहिजे. तो हवेत असताना मिळाली, तर बिचारा तिथल्या तिथे अंग पिळतो आणि उतरताना सारा भार पुढच्या एका पायावर येतो. दांडी पडली तर पाच गुणच जातात. कुत्र्याचा खांदा दुखावला तर महिनेच्या महिने जातात.

“बाबा, त्याला आधी कळायला हवं,” मुलगी म्हणाली. आमच्याकडे मूल जिना उतरून रस्त्याला लागल्यावर गॅलरीतून सूचना सुरू होतात, त्या मला आठवल्या. पण मी बोललो नाही.

स्पर्धेच्या दिवशी सर्वांना आधी कुत्र्याशिवाय मैदानातून फिरून घेता येते. ते दृश्य पाहण्यासारखे असते. चांगली पोक्त माणसे पावले मोजतात, हात पुढे करून नसलेल्या कुत्र्याकडे पाहत गर्रकन वळतात, मागे जाऊन पुन्हा तेच वळण घेतात. माझी मुलगी तिसऱ्या दांडीपाशी चार वेळा वळली. मोती माझ्या पायाशी बसून जांभया देत होता.