जिन्याखालची लूना

लालबागच्या आमच्या चाळीत तळमजल्यावर, जिन्याखाली, दोन गाड्या उभ्या असतात. ‘गाड्या’ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे काही आलं असेल ते कृपा करून पुसून टाका. एक आहे बाबांची टीव्हीएस एक्सएल. तिच्यावरून रोज पहाटे दादरहून फुलं येतात. दुसरी आजोबांची लूना. ती कुठूनच काही आणत नाही. तिच्या टायरांत हवा नाही, सीट फाटलेली आहे, टाकीला गंज चढलाय. पेडल तेवढं अजून फिरतं. चाळीतली पोरं तिला स्टँडवर चढवून तासन्‌तास पेडल मारतात आणि तोंडानं इंजिनाचा आवाज काढतात. लहानपणी मीही काढलेला आहे.

मोटर आणि पेडल या दोन शब्दांची संधी होऊन मोपेड झाली. व्याकरणाच्या पुस्तकात ही संधी सापडणार नाही, पण अर्थ पक्का आहे : पेट्रोल असलं तर मोटर, नसलं तर पाय. आपल्याकडे ही संधी घरोघर पोचवली ती पुण्याच्या फिरोदियांनी. इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या ‘चाओ’ या मोपेडवरून त्यांनी १९७२ साली लूना काढली. स्कूटर नोंदवून वर्षानुवर्षं नंबराची वाट बघायचे ते दिवस. स्कूटर न परवडणारा किंवा वाट बघून कंटाळलेला मास्तर, कारकून, विमा एजंट, भटजी लूनावर बसला आणि पन्नास सीसीच्या त्या इंजिनानं त्याला कुठंकुठं नेलं. पुढं पुढं कुठल्याही मोपेडला लोक लूनाच म्हणू लागले. तिकडे व्हिएतनाममध्ये सायगावचे लोक असंच कुठल्याही दुचाकीला ‘होंडा’ म्हणतात असं मी वाचलं, तेव्हा त्या न पाहिलेल्या शहराबद्दल मला एकदम आपुलकी वाटली.

पण खरं सांगायचं तर मुंबई हे मोपेडचं शहर नव्हे. ते पुणं. मुंबईत माणसं लोकलनं आणि बेस्टनं जातात. आमच्याकडे मोपेडवरून जातो तो माल. पहाटे पाचला लालबागच्या नाक्यावर उभं राहून बघा. अंड्यांचे ट्रे, दुधाचे क्रेट, पावाची पोती, सोड्याच्या बाटल्या, बर्फाची लादी, सगळं एक्सएलवर. चालवणारा त्या मालाच्या मधोमध कुठंतरी असतो, त्याचं फक्त डोकं दिसतं. हौस म्हणून मोपेड चालवणारा माणूस मी गिरणगावात अजून पाहिलेला नाही.

आजोबाही हौसेनं लूनावर बसले नव्हते. ते गिरणीत विणखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. डॉक्टर दत्ता सामंतांचा तो संप कुणी रीतसर मागे घेतलाच नाही, असं इतिहासाच्या तासाला आपण शिकतो. आमच्या घरी तो तास आजी घेते. तिच्या इतिहासात सनावळ्या नाहीत. भोंगा बंद झाला, गावी गेलो, भात लावलं, परत आलो, पाटल्या विकल्या. एवढीच प्रकरणं. तीन वर्षांनी, गिरणी आता आपल्याला आत घेत नाही हे पक्कं कळल्यावर, आजोबांनी गिरगावातून एक वापरलेली लूना घेतली. “पाटल्या गेल्या नि फटफटी आली,” असं आजी अजून म्हणते. त्यात तक्रार किती आणि अभिमान किती हे मला अजून नीट कळलेलं नाही.

लालबागला मसाल्याची गल्ली आहे हे सर्वांना ठाऊक आहे. उन्हाळ्यात बायका मिरच्या, धणे, खडा मसाला घेऊन तिथं येतात आणि डंकावर कुटून नेतात. आजोबांनी एवढंच हेरलं की गिरगावातल्या म्हाताऱ्या बायकांना लालबागपर्यंत येणं होत नाही. मग ते खेतवाडी, फणसवाडी, मुगभाट अशा वाड्या फिरून यादी घ्यायचे, मिरच्या निवडून भाजून कुटून घ्यायचे आणि डबे लूनाच्या पुढे-मागे बांधून पोचते करायचे. लालबाग, भायखळा, ग्रँट रोड, गिरगाव. भायखळ्याच्या पुलाचा चढ आला की लूना दमायची. मग आजोबा पेडल मारून तिला हात द्यायचे. हात म्हणजे पायच. पेट्रोलात ऑइल मिसळून घालावं लागे, म्हणून मागे निळा धूर. बाबा सांगतात, त्या धुराचा आणि मिरचीचा मिळून असा काही वास यायचा की लूना जिन्याशी यायच्या आधीच दुसऱ्या मजल्यावर शिंका सुरू व्हायच्या.

बाबांनी ती सोळाव्या वर्षी चालवायला घेतली. कायद्यात पन्नास सीसीपर्यंतची गाडी सोळाव्या वर्षी चालवता येते. ही सवलत कुणासाठी केली असेल ते असो, आमच्या घरी तिचा उपयोग असा झाला की दहावीनंतर बाबांचं शिक्षण थांबलं आणि फेऱ्या सुरू झाल्या. पुढं गिरगावातल्या वाड्या मोकळ्या होऊ लागल्या, मंडळी बोरिवली-डोंबिवलीला गेली, मसाला पाकिटातून मिळू लागला. बाबा फुलांकडे वळले. पहाटे साडेतीनला उठून दादरच्या मीनाताई ठाकरे फुलमंडईत जायचं. झेंडू, शेवंती, गुलछडी घ्यायची. टिळक पुलावरून दादर टीटी, हिंदमाता, परळ करत लालबागला उजाडायच्या आत यायचं. हारवाल्यांचा माल टाकायचा आणि मग गिरगावातली दोन-तीन देवळं. गेल्या काही वर्षांत शहरात मोठमोठे रस्ते झाले. सागरी सेतू झाला, अटल सेतू झाला, किनारी रस्ता झाला. यांतल्या कशावरही दुचाकीला परवानगी नाही. जे. जे. च्या उड्डाणपुलावरही २०१० पासून नाही. कारण सुरक्षिततेचं आहे आणि ते खोटं नाही. पण बाबा दरवेळी पुलाखालून जाताना वर बघतात, ते मला मागं बसून दिसतं.

आता मी जे लिहिणार आहे ते लिहावं की नाही याचा मी बरेच दिवस विचार केला.

आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. एफ. वाय. ला आले तेव्हा मैत्रिणींनी विचारलं, “तुझे बाबा काय करतात गं?” मी म्हणाले, “फ्लॉरिस्ट आहेत.” शब्द खोटा नव्हता. पण तो उच्चारताना माझ्या डोळ्यांपुढे काचेचं दुकान होतं आणि तिच्याही डोळ्यांपुढे तेच उभं राहावं अशी माझी इच्छा होती.

त्याच वर्षी ऑक्टोबरात पहिल्या पेपराला मी हॉलतिकीट घरी विसरले. शेजारच्या काकूंच्या फोनवरून निरोप लावला. वीस मिनिटांत बाबा कॉलेजच्या गेटवर हजर. एक्सएलच्या पुढच्या जागेत झेंडूचं पोतं, मागे आणखी एक, शर्ट पाठीला चिकटलेला, केसांत दोन पाकळ्या. वॉचमननं हटकलं, “ए, फूलवाला, इधर किधर?” बाबा त्याला काही सांगत होते. मी आणि ती मैत्रीण पायऱ्यांवर होतो. मी धावत गेले, हॉलतिकीट घेतलं, थँक्यू म्हणाले. बाबांना आयुष्यात पहिल्यांदा थँक्यू म्हणाले. वळले तर मैत्रीण मागंच आलेली. “कोण गं?” तिनं विचारलं.

“आमच्याकडे फुलं देतात ते,” मी म्हणाले.

बाबांनी गाडीला किक मारली. त्यांना ऐकू गेलं की नाही, हे मला त्या तीन तासांत ठरवता आलं नाही. पेपरात काय लिहिलं ते आठवत नाही. संध्याकाळी त्यांनी एवढंच विचारलं, “पेपर कसा गेला?”

ऐकू गेलं होतं. हे मला डिसेंबरात कळलं. फीच्या कामाला पालकांची सही हवी होती म्हणून ते आले, तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून, हात मागं बांधून गेटपाशी उभे होते. गाडी कुठं दिसेना. मी विचारलं, “गाडी?” म्हणाले, “कोपऱ्यावर लावली. इथं पार्किंग नसतं ना.” गेटच्या बाजूला, बघा हवं तर, दुचाकींची अख्खी रांग असते.

मी त्याविषयी काही बोलले नाही. त्यांनीही नाही. आमच्याकडे बोलायची पद्धत नाही, जेवायला वाढायची आहे.

पुढच्या जुलैत हिंदमाताला पाण्यात त्यांची गाडी घसरली आणि मनगट मोडलं. सहा आठवड्यांचं प्लॅस्टर. गिऱ्हाईक सहा आठवडे थांबत नाही. मी लायसन काढलेलं होतं, ते नुसतंच कपाटात होतं. पहिल्या पहाटे बाबा मागं बसले आणि मी पुढं. लूनावर शिकले असते तर बरं झालं असतं. एक्सएल तिच्यापेक्षा बरीच जड आणि पोती चढली की म्हशीसारखी. बाबा मागून सांगायचे, “ब्रेक हळू. माल पुढं येतो.” खरोखरच यायचा. मंडईत दर करताना माझा आवाजच फुटेना. एका मावशींनी विचारलं, “कोण रे ही?” बाबा म्हणाले, “मुलगी. कॉलेजात आहे.” त्यांनी ते किती सहज म्हटलं! मग त्या मावशींनी पाव किलो शेवंती वर टाकली. माझ्यासाठी की मोडक्या हातासाठी, कुणास ठाऊक.

सहा आठवड्यांत मला दर करता येऊ लागला, पोतं बांधता येऊ लागलं. पहिल्या लेक्चरला मी झोपायची त्याचं कारण आता सरांना कळेल. हात बरा झाल्यावर बाबांनी किल्ली परत घेतली, पण शनिवार-रविवार अजून माझे असतात. एल्फिन्स्टनचा पूल २०२५ च्या सप्टेंबरात बंद झाला तेव्हापासून प्रभादेवीच्या गिऱ्हाइकासाठी टिळक पुलावर दोनदा चढावं लागतं, त्यावरून आमची भांडणंही होतात. ऑक्टोबरात पियूष पांडे गेल्याची बातमी आली. ‘चल मेरी लूना’ ही जाहिरात त्यांची. बाबांनी पेपर बाजूला ठेवला, खाली जाऊन लूनाची टाकी फडक्यानं पुसली. दसऱ्याला आमच्याकडे दोन हार होतात. एक एक्सएलला, एक तिला. फुलवाल्याच्या घरी हाराला काय तोटा!

चाळ आता पुनर्विकासाला जाणार आहे. कमिटीनं नोटीस लावली आहे की जिन्याखालच्या निरुपयोगी वस्तू हलवाव्यात. विजेवर चालणारी ई-लूना २०२४ च्या फेब्रुवारीत बाजारात आली, तिचं चित्र मी बाबांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “पेडल कुठाय?”

माझी ती मैत्रीण अजून मैत्रीण आहे. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. हा अंक तिच्याही हातात पडेल, आणि ती पहिल्यांदा माझंच पान उघडेल हे मला माहीत आहे.

काल रात्री लिहीत बसले होते तेव्हा बाबांनी विचारलं, “काय लिहितेस?”

“कॉलेजच्या अंकात. आपल्या गाड्यांवर.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “लिही. पण एक्सएलचा नंबर टाकू नकोस. पीयूसी संपलंय.”