नवें बर्फ

वणीच्या मनुष्यानें बर्फाविषयीं लिहावें, हें पाहून कित्येकांस हंसूं येईल. आमच्याकडे वैशाखांत पारा पंचेचाळिसाच्या पुढें जातो, कोळशाच्या खाणींची धूळ पानापानांवर बसते, आणि पांढरें म्हणून जें कांहीं ढिगानें पाहावयास मिळतें तें कापूसच. परंतु गेलीं नऊ वर्षें आम्ही चार मित्र, एक वकील, एक डॉक्टर, एक जिनाचे मालक आणि प्रस्तुत लेखक, हिवाळ्यांत आठ दिवस काढून काश्मीरांत गुलमर्गला जातों, आणि पायांस लांब फळ्या बांधून बर्फावरून घसरतों. चाळिशी उलटल्यावर जडलेलें हें व्यसन घरच्या मंडळींस अद्यापि उमगलेलें नाहीं.

गुलमर्गला इंग्रज अधिकाऱ्यांनीं १९२७ सालीं स्कीइंगचा क्लब काढला. तेथील दाबून सपाट केलेल्या उतारांवर पुष्कळ लोक खेळतात. आमची ओढ मात्र ज्यावर अद्याप कोणाची रेघ उमटलेली नाहीं अशा ताज्या बर्फाची. कडाक्याच्या थंडींत पडलेल्या कोरड्या बर्फाच्या घनफळांत नऊ-दशांशांहून अधिक हवाच असते. त्यांत मांडीपर्यंत बुडून खालीं उतरतांना पायांखालीं जमीन आहे असें वाटतच नाहीं. आमचे जिनवाले मित्र पहिल्याच वर्षीं म्हणाले होते, "अरे, ही तर आपली रुईच! फक्त हिच्या गांठी बांधतां येत नाहींत."

परवांच्या हिवाळ्यांत सतत दोन दिवस बर्फ पडून तिसऱ्या दिवशीं आकाश निवळलें. कोंगडोरीपर्यंतचे पाळणे चालू होते; तेथून अफरवतच्या माथ्याकडे, सुमारें ३,९५० मीटर उंचीवर जाणारा वरचा टप्पा बंद होता. वकिलांनीं आदल्या रात्रींच ठरवून टाकलें होतें कीं, तसें झाल्यास पायीं चढावयाचें आणि वरच्या उघड्या उतारावरून यावयाचें. त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया एप्रिलांत व्हावयाची होती. "यंदा नाहीं तर कधींच नाहीं," असें ते बोलले नाहींत; पण आम्हां तिघांनाहि तें ऐकूं आलें.

फळ्यांच्या तळाशीं केसाळ पट्टे चिकटवून आम्ही चढूं लागलों. पूर्वीं ते सीलच्या कातड्याचे असत. केसांचा कल मागें असल्यामुळें फळी पुढें सरकते, पण उलट घसरत नाहीं. तासाभरानें वाटाड्या थांबला आणि फावड्यानें खड्डा खणूं लागला. बर्फाचा एक चौकोनी स्तंभ मोकळा करून त्यानें त्याच्या डोक्यावर फावडें ठेविलें व त्यावर हातानें थापट्या मारल्या. मनगटापासून दहा, मग कोपरापासून दहा, मग खांद्यापासून दहा, असा क्रम असतो. कोपराच्या दुसऱ्या थापटीस वरचा थर सबंध सुटून पेटीच्या झांकणासारखा पुढें आला. खालीं जुन्या बर्फाचा साखरेसारखा रवाळ, मुळींच न चिकटणारा पापुद्रा होता. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर असा पापुद्रा दबला म्हणजे सारा डोंगरउतार एकदम निघतो. याच परिसरांत फेब्रुवारी २०१० मध्यें सैन्याचे १७ जवान हिमस्खलनांत गेले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्यें अफरवतवर दोन पोलिश स्कीपटू.

वाटाड्यानें मान हलविली. वकील चिडले. "मी माझ्या जबाबदारीवर जातों," असें म्हणाले. तेव्हां डॉक्टर शांतपणें बोलले, "तुझ्या जबाबदारीवर कसा जाशील? तुझें फावडें माझ्या पाठीवर आहे."

हें अक्षरशः खरें होतें. प्रत्येकाच्या छातीवर संदेश सोडणारें एक यंत्र असतें. कोणी गाडला गेला तर बाकीच्यांनीं आपलें यंत्र ऐकण्याकडे वळवून त्याला शोधावयाचें, काठी खुपसून ठाव घ्यावयाचा आणि खणून काढावयाचें. पंधरा मिनिटांच्या आंत निघालेले बहुतेक वाचतात, अर्ध्या तासानंतर आशा फार थोडी. आपण वाहतों तें ओझें दुसऱ्यासाठीं असतें. आपल्या उपयोगाचें ओझें मित्राजवळ. घरांत विमे उतरविणाऱ्या आम्हां पांढरपेशांना इतका उघड व्यवहार क्वचितच पाहावयास मिळतो. वकील कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं वांकून फळ्यांचे पट्टे सोडले.

मग दाट फर वृक्षांतून, सौम्य उतारानें, आम्ही गुलमर्गकडे निघालों. तें सुख मला नीट सांगतां येत नाहीं. वळण घेतांना बर्फाचा तुषार तोंडावर येतो, क्षणभर कांहींच दिसत नाहीं, आणि आवाज तर अजिबात नाहीं. नियम असा कीं, एकानेंच उतरावयाचें व इतरांनीं पाहात राहावयाचें. रानांतहि निर्धास्त राहतां येत नाहीं. झाडाच्या बुंध्याभोंवतीं पोकळी झांकलेली असते, तींत डोकें खालीं करून पडलेला मनुष्य गुदमरतो.

शेवटच्या टप्प्यावर वकील सर्वांमागें होते. आम्ही खालीं थांबलों. वर झाडांच्या दाटींत कांहीं हलेना. डॉक्टरांनीं हांक मारली. बर्फानें ती गिळली. वाटाड्यानें न बोलतां पाठीवरची पिशवी उतरविली.

तेवढ्यांत दोन झाडांमधून ते आले, सावकाश, मोठीं मोठीं वळणें घेत, मिशांपर्यंत पांढरे झालेले. सकाळपासून प्रथमच हंसत होते.

"काय रे, सेकंद मोजीत होतां काय?"

तिघेहि मोजीत होतों. माझा आंकडा एकशें चाळिसावर गेला होता.