तवेच्या पाण्यावर

इटारसीहून तवानगरास पोहोचलो, तेव्हा नुकतेच उजाडले होते. १९७८ साली पुऱ्या झालेल्या धरणाने गोंड-कोरकूंची ४४ गावे पोटात घेतली. त्याच पाण्यावर आज मासेमारांच्या होड्या हिंडतात. कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडावयाचे आणि १६ जून ते १५ ऑगस्ट, विणीच्या काळात, जाळी गुंडाळून ठेवावयाची, हा येथील नेम. विस्थापितांच्या सहकारी संघास १९९६ साली मासेमारीचा हक्क मिळाला. २००६ साली त्याची मुदत सरली.

मध्यावर आमच्या वृद्ध नावाड्याने वल्हे थांबविले. “मास्साब, इसी के नीचे हमारा खेत था,” एवढेच बोलून त्याने तेथेच जाळे टाकले.

आमच्या घरचा गहू याच धरणाच्या कालव्यांवर पिकतो. ते त्यास सांगण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.