थोरल्यांचे रीळ

थोरल्या बंधूंच्या पश्चात वहिनींनी आमच्याकडे बिस्किटांचा एक जुना डबा धाडला. आत मळकट फडक्यात गुंडाळलेले, तांबड्या रंगाचे मासेमारीचे रीळ होते. चिठ्ठी नव्हती. डबा घेऊन आलेला पुतण्या एवढेच म्हणाला, ‘आई म्हणाली, काकांना देऊन ये. त्यांचा यावर फार वर्षांपासून डोळा होता.’

वहिनींचे म्हणणे खोटे नव्हते. थोरले बोटीवर नोकरीस असत. १९७६ साली युरोपच्या एका फेरीवरून त्यांनी हे रीळ आणले आणि पुढे कधीही आम्हांला त्यास बोट लावू दिले नाही. ‘तुला जमायचं नाही. गुंता करून ठेवशील,’ हे त्यांचे ठरलेले उत्तर. आम्हांला पाग टाकता येत असे, गळ टाकता येत असे, शिसे बांधून तंगूस हातानेही फेकता येत असे. तेव्हा हा नकार केवळ थोरलेपणाचा तोरा आहे असे आम्ही मनाशी धरून बसलो होतो.

पुढे २००९ साली तोऱ्याहून मोठे कारण घडले. आमच्या सामाईक वाडीत एक बावखल आहे. वसईकरांस बावखल म्हणजे काय हे सांगावयास नको. पूर्वी त्यावर रहाट चाले आणि केळी, पानवेली, फुलझाडे त्याच पाण्यावर वाढत. ते बुजवून जागेचे चार पैसे करावेत असे आमच्या मनात आले. थोरले म्हणाले, ‘मी असेपर्यंत नाही.’ मग दोन घरांच्या मध्ये कुंपण उभे राहिले. लग्नकार्यात आणि मयतीत समोरासमोर आलो तर मान हलवावी, एवढाच संबंध उरला. ते जाईपर्यंत तो तेवढाच राहिला.

डबा आला त्या रात्री आम्ही ते रीळ हाती घेऊन बराच वेळ बसलो. हँडल फिरेना. खाऱ्या हवेने आतले वंगण दगडासारखे घट्ट झाले होते.

दुसऱ्या दिवशी पुतण्याने ते पाहिले आणि म्हणाला, ‘काका, हे मी उघडून साफ करतो. पण शिकायला हे नको. नवीन घेऊ.’ असल्या रिळास इंग्रजीत ‘बेटकास्टर’ म्हणतात, हे आम्हांला या वयात आमच्याहून तीस वर्षांनी लहान असलेल्या गुरूकडून कळले. हल्ली किनाऱ्यावर तरुण पोरांच्या हाती दिसते ते स्पिनिंग रीळ काठीच्या खाली लटकते. त्याचे स्पूल फेकीच्या वेळी स्थिर असते आणि तंगूस त्याच्या कडेवरून वेटोळे सोडीत निघून जाते. लहान पोरही ते अर्ध्या तासात शिकते. बेटकास्टर काठीच्या वर बसते आणि फेकीबरोबर त्याचे स्पूल स्वतःच गरगर फिरू लागते. सारी गंमत आणि सारी आपत्ती या फिरण्यात आहे.

मग हे घ्यावेच कशाला? पुतण्याचे उत्तर असे की, जाड तंगूस आणि जड आमिष यांस ते मानवते. आमिष हवेत असतानाच अंगठ्याने थोपवून नेमक्या जागी पाडता येते. आणि जिताडा गळास लागताच तिवरांच्या मुळांत शिरू पाहतो, तेव्हा त्यास मागे ओढण्याचे बळ या रिळात असते. आमचे खरे कारण निराळे होते, पण ते आम्ही त्यास सांगितले नाही.

मुंबईच्या एका दुकानात आम्ही दोघे गेलो. दुकानदाराने सर्वांत वेगवान रीळ पुढे केले. पुतण्याने ते बाजूस सारून ६.३:१ चे मागितले. म्हणजे हँडलचा एक फेरा झाला की स्पूलचे सहा फेरे आणि वर थोडे. शिकाऊ माणसास मधला वेग बरा, फार वेगवान घेतले तर ओढताना जोर कमी पडतो. हँडल उजवीकडे की डावीकडे, यावरही खल झाला. उजव्या हाताने फेकून उजव्याच हाताने गुंडाळावयाचे तर मध्ये काठीचा हात बदलावा लागतो. डाव्या हँडलाचे सोयीचे होते. परंतु थोरल्यांचे रीळ उजवे, म्हणून आम्ही उजवेच घेतले. चुंबकाचा ब्रेक असलेले, बसक्या आकाराचे, मुठीत मावणारे. त्यावर १४ पौंडी तंगूस भरून घेतले. बारीक दोरा नवख्यांच्या हाती लवकर गुंततो.

शिकवणी सुरू झाली ती बावखलाच्या काठावर. दुसरे मोकळे पाणी जवळ नव्हते. पहिल्या दिवशी गळ नाहीच. तंगुसाच्या टोकास अर्ध्या औंसाचे, म्हणजे सुमारे १४ ग्रॅमचे, नुसते शिसे. प्रथम बाजूची चकती अशी आवळावयाची की, बटण दाबताच शिसे सावकाश उतरावे आणि जमिनीस टेकताक्षणी स्पूलही थांबावे. ब्रेक सुरुवातीस जवळजवळ पूर्ण लावावयाचा. एवढे करून आम्ही काठी मागे नेली आणि मोठ्या आवेशाने फेकली. शिसे दहा पावलांवर पाण्यात पडले. स्पूलवर मात्र सुगरणीचे घरटे तयार झाले.

थोरल्यांचा ‘गुंता’ तो हाच. याचे कारण साधे आहे. शिसे सुटते तेव्हा ते आणि स्पूल एका वेगात असतात. हवेच्या विरोधाने शिसे मंदावते. स्पूल मात्र पहिल्याच वेगात फिरत राहते आणि कोणी न मागितलेली दोरी सोडीत बसते. वारा समोरून असला तर विचारूच नये. ब्रेक काही अंशी आवर घालतो, बाकीचे काम अंगठ्याचे. अंगठा स्पूलवर टेकलेला असावा, दाबलेला नसावा. आणि आमिष पाण्यास लागण्याच्या किंचित आधी त्याने स्पूल थांबवावे. किती दाबावे हे शब्दांत सांगता येत नाही. पुतण्या म्हणाला, ‘बाबाही सांगू शकले नाहीत. म्हणाले, शंभर गुंते सोडव, मग येईल.’

गुंता सोडविण्याचीही रीत आहे. ओढाताण करावयाची नाही. अंगठा स्पूलवर घट्ट दाबून हँडल दोन-तीन वेळा फिरवावे, मग तंगूस हलकेच खेचावे; निम्मे गुंते तेवढ्याने सुटतात. उरलेल्यांस वेळ द्यावा लागतो. आम्ही संध्याकाळच्या संध्याकाळी बावखलाच्या काठी बसून तंगूस सोडवीत असू. समोर पाण्यावर खंड्या सूर मारी. हे पाणी आमच्या मनाप्रमाणे झाले असते तर येथे एव्हाना इमारतीचा जिना असता, हे तेव्हा ध्यानी येई. पुतण्या त्याबद्दल कधी बोलला नाही. आम्हीही नाही.

मधल्या काळात त्याने जुने रीळ उघडले. जाता जाता सांगावयास हवे की, असल्या यंत्रांचे घड्याळजींशी जुने नाते आहे. गतिवर्धक दात्यांची रिळे अमेरिकेत रुजविली ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी केंटकीतील जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने. थोरल्यांचे रीळ ज्या ‘आबू’ कंपनीचे, ती स्वीडनमधील स्वेंग्स्टा गावी १९२१ साली निघाली आणि प्रथम घड्याळे व टॅक्सीचे मीटर बनवीत असे. पुढे महायुद्धाच्या काळात ती रिळांकडे वळली. १९५२ पासून तिने ‘अँबॅसडर’ नावाची ही तांबडी रिळे काढली. दाते, आस, लहानशी चक्रे रॉकेलने धुऊन ओळीने मांडली तेव्हा खरोखर घड्याळच उघडल्यासारखे वाटले. मीठ निघाले, नवे तेल पडले आणि हँडल फिरले.

तिसऱ्या महिन्यात आमचे आमिष वीस-पंचवीस पावलांवरच्या नारळाच्या झावळीशेजारी पडू लागले. चार फेकींत एक गुंता अजून होई. तरीही एका रविवारी, मिस्सानंतर, भरतीची वेळ साधून आम्ही जुने रीळ घेऊन खाडीवर गेलो. त्याचा ब्रेक निराळा. स्पूलबरोबर फिरणारे दोन चिमुकले ठोकळे बाहेर फेकले जाऊन कडेस घासतात. नव्या रिळाची सवय उपयोगी पडली नाही, पहिल्या तीन फेकी वाया गेल्या. चौथी तिवरांच्या कडेस नीट पडली. सातवी की आठवी, नक्की आठवत नाही, तिला जिताडा लागला. दीड किलोचा. असा काही मोठा नव्हे, पण मुळांकडे वळला तेव्हा आमचा अंगठा आपोआप स्पूलवर गेला आणि चटका बसला.

घरी येऊन रीळ गोड्या पाण्याने पुसले, सुकविले. मग मासा घेऊन कुंपणास वळसा घालून पुढच्या फाटकाने वहिनींकडे गेलो. त्या फाटकातून आम्ही आपण होऊन शेवटचे आत गेलो होतो ते २००९ मध्ये. त्यानंतर एकदाच, थोरल्यांच्या मयतीस, चार माणसांबरोबर.

वहिनी ओटीवर लसूण सोलीत होत्या. त्यांनी मासा पाहिला, मग आमच्याकडे पाहिले.

‘अंगठा दाखवा बघू, भावोजी.’

आम्ही दाखविला. मधोमध लाल रेघ उमटली होती.

‘ह्यांचाही इथेच कापायचा,’ त्या म्हणाल्या, आणि विळी आणावयास आत गेल्या.